सिंदखेडची लेक, शिवनेरीची बाळंतीण

नाताळचा गोठा अजून देवळातून हलविलेला नसतो, तोच जानेवारीच्या १२ तारखेला बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेडराजा या गावी माणसांची रीघ लागते. राजमाता जिजाऊंचा तो जन्मदिन. १५९८ मध्ये याच दिवशी त्यांचा जन्म झाला असे मानले जाते. ख्रिस्तजन्माचा सण आणि या मातेचा जन्मदिन इतके जवळ येतात की, दोहोंचा विचार एकत्र मनात यावा हे साहजिक आहे. एकीकडे दिवस भरत आलेले असताना नासरेथहून बेथलेहेमची वाट धरणारी पवित्र मरिया. दुसरीकडे पोटात बाळ घेऊन लढायांनी पेटलेल्या मुलखातून शिवनेरीचा आसरा गाठणाऱ्या जिजाऊ. दोघींचा काळ निराळा, देश निराळा, श्रद्धाही निराळी. त्यांची तुलना करण्याचा येथे हेतू नाही. परंतु दिवसांत असलेल्या स्त्रीला घर सोडावे लागते तेव्हा तिच्यावर काय गुदरते, हे जाणून घ्यायचे तर आपल्याच मातीतील या मातेच्या चरित्राचे हे एक पान सावकाश वाचावयास हवे.

शाळेत आपण सर्वांनी जिजाऊंचे चित्र पाहिलेले असते. मांडीवर बाल शिवबा, आणि त्याला रामायण-महाभारतातील कथा सांगणारी आई. ते चित्र खोटे नाही. पण ते बाळ मांडीवर आल्यानंतरचे आहे. बाळ मांडीवर येण्यापूर्वीचे नऊ महिने, म्हणजे १६२९ चा उन्हाळा ते १६३० चा फेब्रुवारी, हा काळ त्या चित्रात नसतो. जिजाऊंच्या आयुष्यातील सर्वांत कठीण काळ कदाचित तोच असावा.

त्यांचे माहेर मोठे होते. वडील लखुजी जाधवराव हे निजामशाहीतील वजनदार सरदार. देवगिरीच्या यादवांशी आपले नाते सांगणारे घराणे. आई म्हाळसाबाई. सिंदखेडच्या राजवाड्याचे दगडी प्रवेशद्वार आजही पाहावयास मिळते. गावाभोवती मोती तलाव आहे, चांदणी तलाव आहे, दगडात कोरीव काम केलेल्या बारवा आहेत, रामेश्वर आणि नीळकंठेश्वर यांची देवळे आहेत. विदर्भ आणि मराठवाडा जेथे एकमेकांना भेटतात अशा त्या कोरड्या पठारावर पाणी साठविण्याची एवढी खटपट करणारे हे घराणे दूरदृष्टीचे होते, यात शंका नाही. गावात लखुजीरावांची समाधीही आहे. तिचा आकार पाहिला की सरदाराचा दबदबा लक्षात येतो. ती कोणत्या प्रसंगानंतर बांधली गेली हे आठवले की मन उदास होते. त्या प्रसंगाकडे आपण येऊच.

वेरूळच्या मालोजी भोसल्यांचे पुत्र शहाजीराजे यांच्याशी जिजाऊंचा विवाह १६०५ च्या सुमारास झाला. रंगपंचमीच्या दिवशी सिंदखेडच्या वाड्यात लहानग्या जिजाऊ व शहाजी एकमेकांवर रंग उधळीत असता लखुजीराव कौतुकाने हा जोडा शोभतो असे बोलून गेले, आणि मालोजींनी तो शब्द धरून ठेवला, अशी कथा बखरींतून येते. कथा गोड आहे. पुढे घडले ते मात्र कडू होते. निजामशाही दरबारातून सरदार बाहेर पडत असता खंडागळे यांचा हत्ती बिथरला, त्याला आवरण्याच्या गोंधळात जाधव आणि भोसले एकमेकांवर तुटून पडले. जिजाऊंचे बंधू दत्ताजी मारले गेले, शहाजीराजांचे चुलत बंधू संभाजी मारले गेले, आणि लखुजीरावांच्या वाराने खुद्द जावई शहाजीराजे जखमी झाले. एका हत्तीच्या पायी सासर आणि माहेर यांच्यात रक्ताचे वैर उभे राहिले. ज्या स्त्रीचा एका बाजूला भाऊ गेला व दुसऱ्या बाजूला दीर गेला, तिने कोणाच्या दारात बसून रडावे?

आपल्याकडे पहिल्या बाळंतपणाला लेकीने माहेरी जावे अशी रीत आहे. हिंदू घरांत आहे तशी आपल्या ख्रिस्ती घरांतही आहे. ही रीत केवळ हौसेची नाही. सासरी पहाटेपासून राबणाऱ्या मुलीला दोन महिने अंग टाकता यावे, आईच्या देखत तिची सुटका व्हावी, काही कमीजास्त झाले तर जीव तोडून धावपळ करणारे माणूस जवळ असावे, हा त्यामागील शहाणपणा आहे. पुढच्या खेपांनाही, सासरी बाळंतपण झाले तरी, माहेर पाठीशी आहे एवढा आधार स्त्रीला पुरतो. थोरले पुत्र संभाजीराजे यांच्यानंतर जिजाऊंना झालेली काही अपत्ये वाचली नाहीत, असे परंपरा सांगते. त्यामुळे १६२९ च्या उन्हाळ्यात त्यांना पुन्हा दिवस गेले तेव्हा त्यांच्या मनात आनंदाबरोबर धास्तीही असणार.

आणि नेमके त्याच वेळी माहेर उद्ध्वस्त झाले. २५ जुलै १६२९ रोजी दौलताबादेस निजामशहाच्या दरबारात लखुजी जाधवराव मुजऱ्यासाठी गेले असता त्यांची दगाबाजीने हत्या करण्यात आली. त्यांच्यासह त्यांचे पुत्र अचलोजी आणि राघोजी, व नातू यशवंतराव हेही कापले गेले. किल्ल्याबाहेर तळावर असलेल्या म्हाळसाबाई उरल्यासुरल्या माणसांनिशी सिंदखेडकडे निघून गेल्या. तारखांचा हिशेब केला तर जिजाऊंना त्या वेळी जेमतेम दोन महिने झालेले असावेत. वैर असो वा नसो, बाप तो बापच. एका दिवसात वडील, दोन भाऊ आणि भाचा गेल्याची बातमी ज्या स्थितीत त्यांनी ऐकली, त्या स्थितीत आपल्या घरच्या सुनेला आपण साधी शेजारची वाईट वार्तादेखील कळू देत नाही.

या हत्येनंतर शहाजीराजांचे मन निजामशाहीवरून उडाले. ते पुणे-सुपे या आपल्या जहागिरीच्या प्रदेशाकडे वळले. पण तेथेही शांतता नव्हती. निजामशाही त्यांच्यावर रुष्ट, आदिलशाही टपलेली, उत्तरेकडून मोगल उतरू लागलेले. त्याच सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेव याने पुणे जाळले, त्यावर गाढवाचा नांगर फिरविला आणि वस्ती करू नये याची खूण म्हणून लोखंडी पहार ठोकली, हे आपण इतिहासात वाचतो. सरदाराच्या कुटुंबाला तेव्हा एका गावी स्वस्थ राहता येत नसे. स्त्रियांनी मेण्यातून जावे, वाट अवघड असेल तर घोड्यावर बसावे, रात्र पडेल तेथे राहुटी टाकावी आणि पहाटे पुन्हा निघावे. पाचव्या-सहाव्या महिन्यानंतर घोड्याची पाठ किंवा मेण्याचे हिंदकळणे म्हणजे काय, हे ज्या भगिनींनी खड्ड्यांच्या रस्त्यावरून एस.टी.च्या मागच्या बाकावर बसून दवाखाना गाठला आहे त्यांना सांगावयास नको.

येथे एका प्रसिद्ध कथेविषयी थोडे लिहिणे आवश्यक आहे. बखरींत असे वर्णन येते की, लखुजीराव जावयाचा पाठलाग करीत होते. गरोदर जिजाऊंना सातवा महिना लागला होता व त्यांना घोडदौड सोसवेना. तेव्हा शहाजीराजे त्यांना वाटेत मागे ठेवून पुढे गेले. मागून आलेल्या पित्याची व कन्येची भेट झाली आणि कन्येने पित्याला खडे बोल सुनावून त्याच्यासोबत माहेरी जाण्यास नकार दिला. अनेक नाटका-चित्रांतून हा प्रसंग आपल्या डोळ्यांसमोर उभा आहे. पण तारखा त्याला आधार देत नाहीत. शिवाजी महाराजांचा जन्म १६२७ सालचा मानला जात होता तोवर ही कथा कशीबशी जुळत असे. पुढे लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये जेधे शकावली प्रसिद्ध केली. तिच्यात जन्मतिथी फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० अशी आढळली. महाराजांच्या हयातीतच कवींद्र परमानंदांनी रचलेल्या 'शिवभारत' या संस्कृत काव्यातही हीच तिथी आहे, आणि आज ती सर्वमान्य आहे. या तिथीप्रमाणे जिजाऊंना सातवा महिना लागला तो १६२९ च्या अखेरीस. आणि लखुजीराव तर जुलैतच मारले गेले होते. मेलेला पिता पाठलाग कसा करील?

कथा खरी नसेल, पण ती लोकांनी का जपली असावी, याचे उत्तर मला सोपे वाटते. सासर व माहेर यांच्या ओढाताणीत सापडलेल्या गर्भवतीचे दुःख लोकांना ठाऊक होते. त्यांनी त्याला एका भेटीचे रूप दिले. आपल्याकडेही असे घडलेच आहे. नाताळच्या प्रत्येक चित्रात पवित्र मरिया गाढवावर बसलेली आणि संत योसेफ दोरी धरून पुढे चाललेले दिसतात. संत लूकच्या शुभवर्तमानात मात्र गाढवाचा उल्लेखच नाही. सुईणीचाही नाही. शिरगणतीसाठी प्रवास, प्रसूतीचे दिवस भरणे, उतारशाळेत जागा नसणे, बाळाला बाळंत्याने गुंडाळून गव्हाणीत ठेवणे, एवढेच संत लूक सांगतात. बाकीचे भाविकांच्या मायेने भरले. इतक्या लांबच्या वाटेवर त्या माउलीला पायी चालविण्याचे चित्रकारांच्या जिवावर आले असावे.

बखरीतील पाठलाग बाजूला ठेवला तर खरी हकीकत काय उरते? ती साधी आहे, आणि माझ्या मते अधिक हृद्य आहे. जुन्नरजवळील शिवनेरी किल्ल्यावर विश्वासराव घराणे होते. त्या घराण्यातील जयंती हिच्याशी जिजाऊंचे थोरले पुत्र संभाजीराजे यांचा विवाह शिवनेरीवरच झाला. 'शिवभारता'त हा विवाह आला आहे. लग्न उरकल्यावर शहाजीराजे मोहिमेवर गेले आणि गरोदर जिजाऊंना त्यांनी या नव्या व्याह्यांच्या स्वाधीन केले. म्हणजे स्वतःच्या माहेरी जाण्याची सोय उरलेली नसताना, पतीचे घर घोड्याच्या पाठीवर असताना, ही स्त्री बाळंतपणासाठी राहिली ती मुलाच्या सासुरवाडीला. आपल्या समाजात विहीणबाईंच्या घरी पाणी पिताना सुद्धा माणूस संकोचतो. मानपान, रुसवेफुगवे यांचा हा नातेसंबंध. तेथे जाऊन बाळंत होणे ही जिजाऊंसाठी काही सुखाची निवड नव्हती. पण त्या थांबल्या. पराक्रमी स्त्रियांच्या चरित्रांत आपण त्यांचे धावणे, लढणे शोधतो. या ठिकाणी पुढचा प्रवास न करण्याचा निर्णय बाळासाठी मोलाचा ठरला, आणि तो निर्णय शक्य झाला कारण एका घराने दार उघडले.

जागाही विचारपूर्वक निवडलेली दिसते. सिंदखेडपासून शिवनेरी अडीचशे किलोमीटरहून अधिक दूर. किल्ला उंच, कडे तुटलेले, वर जाण्याच्या वाटेवर एकामागून एक सात दरवाजे. माथ्यावर खडकात खोदलेली पाण्याची टाकी; त्यांतील गंगा-जमुना या टाक्यांचे पाणी आजही गडावर येणारे लोक पितात. धान्य साठविण्याचा अंबरखाना. पायथ्याशी जुन्नरची जुनी बाजारपेठ, जेथे नाणेघाटातून कोकणचा माल येई. गडावर वैद्य-हकिमांचा दरबार नव्हता. पण बाळंतिणीला प्रथम लागते ते सर्व होते. शत्रूपासून आडोसा, बारमाही पाणी, कोठारात धान्य आणि भोवती जाणत्या बायका.

त्या काळी बाळंतपणाची तयारी म्हणजे काय असे? ज्या घरांत चुलीवर पाणी तापविणाऱ्या आजी होत्या त्या घरांतील आपल्या पिढीला त्याची कल्पना येऊ शकते. वाऱ्याची झुळूक न येणारी खोली आधीच सारवून ठेवायची. सुईणीला निरोप धाडायचा आणि शेवटच्या पंधरवड्यात तिला घरातच ठेवून घ्यायचे. जुने मऊ लुगडे धुऊन, वाळवून, फाडून बाळंते करायची. शेगडी, गोवऱ्या, वाळलेली लाकडे, ओवा, बाळंतशोपा, सुंठ, डिंक, तूप हे सारे आधी जमवायचे. कारण रात्री-अपरात्री कळा सुरू झाल्या की गडाचे दरवाजे उघडून खाली बाजारात माणूस धाडता येत नाही. सूर्यास्ताला दरवाजे बंद होत. जे वर आहे त्यावरच निभवायचे. डोहाळ्यांचे वर्णन 'शिवभारता'त काव्यमय आहे. सिंहासन, हत्ती, वाघ असे राजाच्या आईला साजेसे डोहाळे कवीने लिहिले. त्या दिवसांत जिजाऊंना खरोखर कशाची वासना झाली असेल? चिंच, कैरी, की आईच्या हातचे काही?

१९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवनेरीवर शिवाजी महाराजांचा जन्म झाला. गडावरील शिवाई देवीवरून बाळाचे नाव ठेवले, अशी परंपरा आहे. पिता त्या वेळी गडावर नव्हते. बाळंतीण आणि बाळ, दोघेही सुखरूप राहिले. हे एक वाक्य आपण सहज वाचून पुढे जातो. ते किती मोठे वाक्य आहे हे समजण्यासाठी शिवनेरीवरून नजर काढून बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर सीमेपलीकडे पाहावे लागेल.

सिंदखेडराजापासून सरळ उत्तरेला सुमारे दीडशे किलोमीटरवर, सातपुड्याच्या पलीकडे, तापीकाठी बऱ्हाणपूर आहे. शिवबाच्या जन्मानंतर थोड्याच दिवसांत मोगल बादशहा शहाजहान दख्खन जिंकण्यासाठी तेथे येऊन उतरला. त्याची बेगम मुमताज महल त्याच्या सोबत होती. १६१२ मध्ये लग्न झाल्यापासून ती पतीच्या प्रत्येक मोहिमेत, दिवस गेलेले असोत वा नसोत, छावणीबरोबर फिरत असे. तिचा पुत्र औरंगजेब १६१८ मध्ये असाच प्रवासात, दोहद येथे जन्मला होता. जून १६३१ मध्ये बऱ्हाणपुरास तिची चौदाव्यांदा प्रसूती झाली. मुलगी झाली, मुलगी जगली, आई गेली. राजवैद्य होते, दाया होत्या, अख्ख्या हिंदुस्थानचा खजिना होता. एकोणीस वर्षांत चौदा बाळंतपणे आणि त्यांमधील अखंड प्रवास यांनी थकलेल्या देहाला त्यातले काहीही वाचवू शकले नाही. तिचे शव आधी तापीपलीकडे झैनाबादच्या बागेत पुरले आणि काही महिन्यांनी आग्र्यास नेले. जगभरचे लोक जो ताजमहाल पाहण्यास येतात तो एका बाळंतिणीची कबर आहे, हे संगमरवराच्या झगमगाटात कोणाच्या ध्यानातही राहत नाही.

शिवनेरी आणि बऱ्हाणपूर. सोळा महिन्यांच्या अंतराने झालेली दोन बाळंतपणे. एकीने महाराष्ट्राला राजा दिला. दुसरीचा मुलगा त्या राजाचा आयुष्यभराचा शत्रू ठरला. पण त्या दोन रात्री दोघी केवळ वेणा सोसणाऱ्या स्त्रिया होत्या. एक वाचली, एक गेली. जिजाऊ वाचल्या त्यात दैवाचा, म्हणजे आपल्या भाषेत परमेश्वरी कृपेचा, वाटा मोठा होताच. तरी शेवटचे काही आठवडे त्यांना एका जागी काढता आले, हीही गोष्ट लहान नाही.

आजही आपल्या राज्यात दसरा-दिवाळी झाली की मराठवाड्यातून आणि त्याला लागून असलेल्या तालुक्यांतून ऊसतोडीसाठी बिऱ्हाडे निघतात. ट्रॅक्टर-ट्रकमध्ये भांडीकुंडी, शेळ्या, पोरे आणि त्यांतच कोणी दिवसांत असलेली सून. फडाजवळच्या कोपीत तिचे दिवस भरतात. २००५ पासून गावोगाव आशा कार्यकर्त्या आल्या, २०१४ पासून राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका धावू लागली, आणि दवाखान्यातील प्रसूतींचे प्रमाण पुष्कळ वाढले. हे सारे स्वागतार्ह आहे. परंतु गावच्या आशाताईंच्या वहीत नाव असलेली बाई तीनशे किलोमीटर दूर फडावर गेली की त्या वहीचा तिला फारसा उपयोग होत नाही. मेळघाटासारख्या आदिवासी भागात प्राथमिक आरोग्य केंद्रांना जोडून शासनाने खोल्या बांधल्या. दुर्गम पाड्यांवरील गर्भवतींनी दिवस भरण्याच्या आधीच तेथे येऊन राहावे यासाठी. त्यांना नाव दिले आहे 'माहेरघर'. नाव ज्याने सुचविले त्याला स्त्रियांचे मन कळले होते. शिवनेरी हे जिजाऊंचे माहेरघरच होते.

पवित्र मरियेच्या बाबतीत आपण बेथलेहेमच्या बंद दारांविषयी वारंवार प्रवचने ऐकतो. तिच्यासाठी उघडलेले एक दारही शुभवर्तमानात आहे. नाताळच्या आधी कित्येक महिने ती यहुदियाच्या डोंगराळ प्रदेशात एलिझाबेथच्या घरी गेली आणि सुमारे तीन महिने तेथे राहिली. रोझरीच्या दुसऱ्या आनंदाच्या रहस्यात आपण त्या भेटीचे मनन करतो. एक सहा महिन्यांची गर्भवती, उतारवयातली. दुसरी नुकतेच दिवस राहिलेली, कोवळी. त्या तीन महिन्यांत दोघी रोज काय बोलल्या असतील ते संत लूक लिहीत नाहीत, पण ज्यांच्या घरी कधी दोन जावा एकाच वेळी पोटुशा होत्या त्यांना ते सहज कळेल.

शिवबाचे पहिले वर्ष सरते न सरते तोच दुष्काळ पडला. १६३० चा पाऊस गुजरात-दख्खनमध्ये गेला, आणि पुढील दोन वर्षे माणसांनी असा काळ पाहिला की, सुरतेहून बऱ्हाणपूरमार्गे आग्र्यास निघालेल्या पीटर मंडी या इंग्रज व्यापाऱ्याच्या रोजनिशीत वाटेवरील प्रेतांची वर्णने येतात. तान्ह्या बाळाच्या आईला पहिली चिंता दुधाची. आई उपाशी तर दूध कोठून? गडावरचे कोठार आणि टाकी त्या दोन वर्षांत किती कामी आली असतील याचा अंदाजच करावा.

पुढील चरित्र वाचकांना परिचित आहे, म्हणून येथे थोडक्यातच देतो. एक प्रसंग मात्र वसई-ठाण्याकडील आपल्या वाचकांनी विशेष लक्षात घ्यावा. १६३६ मध्ये शहाजीराजे शहापूरजवळील माहुली किल्ल्यावर मोगल व आदिलशाही अशा दुहेरी वेढ्यात सापडले. जिजाऊ आणि सहा वर्षांचे शिवबा त्यांच्यासोबत होते असे सांगितले जाते. शहाजीराजांनी किनाऱ्यावरील पोर्तुगीजांकडे आश्रय मागितला होता. दोन बलाढ्य सत्तांचा रोष नको म्हणून पोर्तुगीजांनी तो दिला नाही. ते राज्यकर्ते ख्रिस्ती होते आणि दर नाताळला बेथलेहेमची कथा ऐकत होते, हे नमूद केल्यावाचून राहवत नाही.

त्यानंतर शहाजीराजे आदिलशाहीत गेले, दक्षिणेत बंगळुरास स्थिरावले. जिजाऊ शिवबासह पुण्यास आल्या. जेथे गाढवाचा नांगर फिरला होता तेथे सोन्याचा फाळ लावून नांगर धरविला, कसब्याच्या गणपतीचे देऊळ उभारले, लाल महालात राहून उजाड गाव वसविले. न्यायनिवाडे केले. १६५४-५५ च्या सुमारास थोरले संभाजीराजे कनकगिरीच्या लढाईत पडले; ज्यांच्या लग्नामुळे शिवनेरीचे दार उघडले होते ते हे पुत्र.

आणि मग पुन्हा एक बाळंतपण. १४ मे १६५७ रोजी पुरंदर किल्ल्यावर सून सईबाई यांच्या पोटी नातू संभाजीराजे जन्मले. सईबाईंची प्रकृती सावरेना, बाळाला दूध पुरेना. कापूरहोळ गावच्या धाराऊ या स्त्रीला दूधआई म्हणून आणण्यात आले, ही आठवण महाराष्ट्राने कृतज्ञतेने जपली आहे. ५ सप्टेंबर १६५९ रोजी राजगडावर सईबाई निवर्तल्या. नातू दोन वर्षांचा. शिवाजी महाराज त्या वेळी अफझलखानाच्या संकटाला तोंड देण्याच्या तयारीत गुंतलेले. साठीच्या जिजाऊंनी पुन्हा एकदा तान्हे मूल मांडीवर घेतले. वाड्यात दासी-कुळंबिणींची वाण नव्हती; पण आईवेगळ्या पोराला रात्री कोणाच्या कुशीत झोपवायचे हा प्रश्न दासींवर सोपविण्याजोगा त्यांना वाटला नाही.

२३ जानेवारी १६६४ रोजी शहाजीराजे होदिगेरे येथे शिकारीत घोड्यावरून पडून वारले. जिजाऊ सती जाण्यास निघाल्या होत्या. पुत्राने विनवून, गळ घालून त्यांना परत फिरविले. ते फिरले म्हणून पुढची दहा वर्षे स्वराज्याला आईची सावली राहिली. १६६६ मध्ये महाराज आग्र्यास अडकले असता राज्याचा भार त्यांनीच वाहिला. ६ जून १६७४ रोजी रायगडावर झालेला पुत्राचा राज्याभिषेक त्यांनी डोळे भरून पाहिला आणि अवघ्या अकरा दिवसांनी, १७ जून रोजी, गडाच्या पायथ्याशी पाचाड येथे देह ठेवला.

रायगडावरील थंड वारा म्हातारपणी मानवेना म्हणून महाराजांनी त्यांच्यासाठी पाचाडास वाडा बांधला होता. त्याच्या भिंती पडल्या आहेत, समाधी आहे. वाड्याच्या आवारात एक विहीर आहे. तिच्या काठावर तक्क्यासारखा घडविलेला दगड आहे, म्हणून तिला तक्क्याची विहीर म्हणतात. जिजाऊ तेथे टेकून बसत आणि बाजाराला जाणाऱ्या-येणाऱ्या बायामाणसांची विचारपूस करीत, असे पाचाडचे लोक सांगतात.